मंत्रीसाहेबांची माफी

आमच्या आदिवासी वस्तीत, कॅनडातल्या उत्तर ओंटारिओत, नळाचं पाणी उकळल्याशिवाय कुणी दातही घासत नाही. व्हर्ना मीकिसही रोज उकळायची, तरी तिच्या लहानग्या मुलाच्या, जोईच्या अंगावरचे फोड जाईनात. बालकल्याण खात्याच्या बाई आल्या. त्यांनी फोड पाहिले, नळ पाहिला नाही. आईची हयगय, असं ठरवून त्यांनी पोराला शहरात परक्या घरी ठेवलं. तिथले नळ चांगले आहेत.

आमचे मंत्री ग्लेन हॅलबर्टन मनाने फार हळवे. जलशुद्धीकरण केंद्राचा निधी त्यांनी अडवला, ओरड झाली. त्यांनी माफी मागितली, मोठं खातं मिळालं. संसदेत ते आम्हाला आळशी म्हणाले. रडून माफी मागितली, मताधिक्य वाढलं. आता ते वस्तीत येऊन, पूर्वी सरकारने आयांपासून तोडून वसतिशाळांत डांबलेल्या मुलांबद्दल माफी मागणार होते.

माफी मागणाऱ्या पाहुण्याच्या खांद्यावर वस्तीतल्या एखाद्या आईने घोंगडी घालायची, अशी आमच्याकडे रीत पडली आहे. वस्तीचे प्रमुख एल्जिन व्हर्नाचे मामा. त्यांनी तिलाच गाठलं.

"मामा, दुसरी कुणी मिळाली नाही?"

"तुझं पोर गेलंय ना. कॅमेऱ्यात बरं दिसतं, म्हणतात मंत्रीसाहेबांच्या ऑफिसातले." मामा बुटांकडे बघत म्हणाले. "आणि खूश झाले, तर जोईसाठी एखादा शब्द टाकतील गं."

शाळेच्या सभागृहात हरणाच्या मटणाच्या रश्शाचा वास दरवळत होता. ही भूमी मूळची तुमचीच, असं म्हणून साहेबांनी रिवाजाप्रमाणे सुरुवात केली आणि आईपासून तुटलेल्या लेकरांवर येताच रुमाल काढला. व्हर्ना घोंगडी घेऊन पुढे झाली.

"साहेब, माझा जोई कधी परत येणार?"

साहेब हळूच म्हणाले, "बाई, आज आपण भूतकाळाबद्दल बोलतोय."

"मग थंडी माझ्या जोईलाच वाजत असेल," व्हर्ना म्हणाली आणि घोंगडी काखोटीला मारून जागेवर जाऊन बसली.

वर्तमानपत्रांनी पाहुण्याचा अपमान छापला. वस्तीच्या वतीने एल्जिनमामांनी साहेबांची माफी मागितली, साहेबांनी ती मोठ्या मनाने दिली आणि निवडणूक जिंकली. आई सहकार्य करत नाही म्हणून बालकल्याण खात्याने तिच्या जोईशी होणाऱ्या भेटी बंद केल्या.

जोईचे फोड बरे झाल्याचं पुढे तिला कळवण्यात आलं. वस्तीत पिण्याजोगं पाणी आलं की त्याला परत पाठवण्याचा विचार होईल, असंही कळवण्यात आलं.

पाण्याचं खातं आता हॅलबर्टनसाहेबांकडे आहे.