मशीन लावली, आता बरं वाटेल

मित्रांनो, साक्रीच्या बसस्टँडमागच्या एका लहान दवाखान्यात भिंतीला टेकून उभी असलेली जुनी सोनोग्राफी मशीन म्हणजे मी. माझ्या पडद्याचा एक कोपरा काळा पडला आहे आणि एक चाक लंगडं आहे. पण माझं दुखणं ते नाही.

दूरच्या कारखान्यात मी घडले. उमेदीची वर्षं जळगावला, मेहरूणमधल्या एका प्रसूतिगृहात गेली. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवले की बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मशीन गुणाची आहे, असं सगळे म्हणायचे आणि मी फुशारून जायचे. पुढे नवी मशीन आली, माझी किंमत उतरली, आणि सरकारी कागदांचे सोपस्कार होऊन मी साक्रीला डॉक्टर मेघांकडे आले. आमच्या जातीला कायदा कडक आहे. जिथे नोंद झाली, त्या खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मेघाताई एका प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि म्हातारपणी मला नवं काम लागलं. घोरणाऱ्या माणसाला उताणं निजवायचं, हनुवटीखाली गार जेल लावून माझा दांडा टेकवायचा, आणि जीभ मुळाशी किती जाड आहे, श्वासाची वाट किती अरुंद आहे ते पाहायचं. काहींची ही वाट झोपेत पुन्हापुन्हा बंद पडते. माणूस गुदमरतो, दचकून श्वास घेतो, आणि मग दिवसाढवळ्या त्याचे डोळे मिटतात. मला नुसता संशय दाखवता येतो. खरं काय ते झोपेच्या तपासणीत कळतं, आणि ती धुळ्याला होते.

निंबा पिंपळनेर-साक्री काळीपिवळी जीप चालवायचा. त्याच्या घोरण्याचं घरात कौतुकच होतं. कष्टाचा माणूस, झोप कशी गाढ लागते! पण सीटा भरेपर्यंत तो स्टिअरिंगवरच डुलक्या घ्यायला लागला, तेव्हा त्याची बायको ताईबाई घाबरली आणि त्याला ओढतच घेऊन आली. सोनोग्राफी म्हणजे बायांचं काम, हे त्याच्या डोक्यात पक्कं. गरोदर बायांच्या रांगेत बिचारा छताकडे बघत बसला होता.

त्याच्या गळ्यातली वाट पाहून मी हादरले. मेघाताईंनाही ती दिसली. त्यांनी धुळ्याची चिठ्ठी लिहिली आणि तपासणी होईपर्यंत जीप चालवू नका म्हणून बजावलं. पण बाहेर अकरा बाया खोळंबल्या होत्या. मेघाताईंनी एकदाच सांगितलं, भराभर सांगितलं, शहरी भाषेत सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

आमच्याकडे गुडघा दुखला की मशीन लावतात, पाठ धरली की मशीन लावतात. शेक मिळतो, बरं वाटतं. गळ्याला लावली तीही तसलीच, असा त्या दोघांचा समज झाला. हनुवटीवरचं जेल पुसत निंबा दारातच ताईबाईला म्हणाला, "मशीन तं लाई दिनी. आते धुयाले कसाले जावानं?"

आता धुळ्याला कशाला जायचं, हे मी ऐकलं. मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, आणि त्याच्यामागे जायला परवानगी नाही.

नंतर त्याच्या जीपने आलेल्या बाया सांगायच्या, निंबाभाऊ सगळ्यांना सांगतो, मशीन लावल्यापासून हलकं वाटतं. मेघाताई दुसऱ्या खोलीत असायच्या. त्यांच्या कानावर हे गेलंच नाही.

दीड महिन्याने सकाळी लख्ख उन्हात, सरळ रस्त्यावर, निंबाची रिकामी जीप चिंचेच्या झाडावर गेली. ब्रेक लावल्याची खूणही रस्त्यावर नव्हती. निंबा जागीच गेला.

आज ताईबाई आली आहे. कपाळ मोकळं, आवाज बसलेला. सोबत तिचा धाकटा दीर, दीपक. नवी जीप आता तोच चालवणार आहे, आणि तोही घोरतो. तिनेच त्याला पलंगावर निजवलं. मेघाताईंनी जेलची बाटली उचलली, तशी ती हात जोडून म्हणाली, "त्यासले थोडाच येळ मशीन लायेल व्हती, मॅडम. दीपकले जरा जास्त येळ लावा."

मेघाताईंचा हात तिथेच थांबला. बाटली खाली ठेवून त्या खुर्ची ओढून ताईबाईसमोर बसल्या. मी रडले असते, पण तेही मला जमत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी घोरता घोरता गप्प होत असेल, दचकून श्वास घेत असेल, तर हसू नका. त्याला दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळलं नाही, तर लाजू नका, दहादा विचारा. आणि पुढच्या तपासणीला गेल्याशिवाय राहू नका. माझ्यात औषध नाही. निंबाचं मरण मला दीड महिना आधी दिसलं होतं, आणि मी इथेच उभी होते.