आर्पाच्या बारीक तारा

अक्कांचे कान वर्षभरात जातील असं सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मला पहिली काळजी वाटली ती आर्पाची. सुनेला शोभणारी गोष्ट नव्हे ही, पण खोटं कशाला लिहू?

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. लहानपणी त्या खाडीपलीकडे, पेडण्याच्या एका ख्रिस्ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरी कामाला होत्या. तिथल्या म्हाताऱ्या बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोरीला आपलं वाद्य शिकवलं आणि तिच्या लग्नात ते देऊनही टाकलं. होडीतून ते आरोंद्याला आलं तेव्हा काठावर अख्खा गाव जमला होता म्हणतात. हार्प हा शब्द मी नंतर पुस्तकात वाचला. आमच्या घरात ते आर्पच.

त्याला एकोणतीस तारा. पितळी खुंट्या चावीने फिरवून एकेक तार सुरात आणायची. कुठली तार किती चढवायची हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, ते फक्त अक्कांच्या कानांना ठाऊक. कान गेले की आर्प म्हणजे ओटीवरची अडगळ. लग्न झाल्यापासून बारा वर्षं मी ते स्वयंपाकघरातून ऐकत आले होते. मला शिकवा, असं म्हणायची छाती कधी झाली नाही, आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही. शाळेत चाळीस पोरांना धाकात ठेवणारी बाई मी, पण सासूपुढे माझी वाचा बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे सासष्ट साली, आमचे हे, म्हणजे सदानंद, बोटीवरून सुट्टीला येताना एका साहेबाकडून जुना टेपरेकॉर्डर विकत घेऊन आले. सेलवर चालणारा, कारण आमच्या वाडीत वीज नव्हती. एकेक तार वाजवून तिचा आवाज भरून ठेवावा, म्हणजे पुढे तो ऐकून तारा लावता येतील, ही कल्पना माझी. यंत्र चालवायलाही मीच शिकले. पहिले दोन दिवस नुसते कोंबडे आणि शेजारच्या शेवंतीचं भांडण भरलं. माईक जवळ नेला की आवाज फाटायचा, लांब ठेवला की खाडीवरचा वारा आत शिरायचा. सेल उतरले की फीत हळू फिरते आणि सूर खोटा भरला जातो, हे कळल्यावर तर माझी झोपच उडाली. खऱ्या कामासाठी मी नवे सेल तांदळाच्या डब्यात दडवून ठेवले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ह्यांनी आर्पाला तेल लावलं. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्यांना उंडीचं तेल लावतात, तसं. मी शाळेतून आले तर आर्प चकचकीत आणि हे घामाघूम.

“होडयेक लावतत, मगे ह्येका कित्याक नको? वाळवी लागात,” हे म्हणाले.

“होडयेक खुंट्यो आसतत काय?” मी विचारलं.

तेल खुंट्यांच्या भोकांत उतरलं होतं. चावीने तार चढवावी, तर हात काढताच खुंटी घसरून मागे फिरे. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अक्का मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी दोन-तीन खुंट्या फिरवून पाहिल्या आणि म्हणाल्या, “सगळ्यो काढूक व्हयो.”

सगळ्या खुंट्या काढायच्या म्हणजे एकोणतीसही तारा सोडायच्या. होता तो सूरही जाणार. पुन्हा लावताना अक्कांच्या कानांनी दगा दिला, तर विचारायचं कुणाला? पण दुसरी वाट नव्हती. आम्ही भोकं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी कोरडी केली, खुंट्यांना मी शाळेतल्या खडूची पूड चोळली आणि तारा परत ओढल्या. ओढताना तुटलेल्या तारांच्या जागी मासेमारीचा नायलॉनचा दोरा आला.

मग तीन दिवस अक्का तारा लावत बसल्या. डोळे मिटून, हनुवटी लाकडाला टेकवून एकेक तार छेडायच्या. मी कान लावून दाराशी उभी. जाड तारा लागत गेल्या तसा माझा जीव भांड्यात पडत गेला. बारीक तारांवर मात्र मी दोनदा अडखळले. तेविसावी उतरलेली वाटली आणि सव्विसावीसुद्धा. पण अक्कांना चुकलं म्हणणारी मी कोण? माझेच कान कच्चे, असं म्हणून गप्प बसले.

रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून, नवे सेल घालून आवाज भरला. मी आकडा म्हणायची, अक्का तार छेडायच्या. एकोणतीस झाल्या तेव्हा माझं लुगडं घामाने भिजलं होतं. ह्यांनी फीत उलटी फिरवली आणि वाजवायला लावली. अक्का यंत्रासमोर मांडी घालून बसल्या.

माझा आवाज आला, मग पहिली तार, मग दुसरी. स्वच्छ, खणखणीत. मला आनंदाने रडू येईल असं वाटलं. चौदावी वाजून गेली तेव्हा अक्कांनी माझ्याकडे वळून विचारलं, “ह्या सुरू कदी होतला गो?”

ह्यांनी यंत्र बंद केलं.

“अक्कानू,” मी त्यांच्या समोर बसले, “कदीपासून ऐकाक येणा नाय?”

त्यांनी माझ्या ओठांवरून प्रश्न वाचला. “दसऱ्यापासून. तुमची तोंडा बघून भागवतंय.”

यंत्राला तोंड नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला. एका घरात राहून सहा महिने मला कळलं नव्हतं.

“मगे तारो कश्यो लावल्यात?”

“जाड तारो हाडाक कळतत,” त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. “बारीक नाय कळणत. त्यो अंदाजान लावलंय.” मग, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं इतक्या घाबरून म्हणाल्या, “बरोबर आसत मां?”

हो म्हणणं सोपं होतं. हे डोळ्यांनी मला तेच सांगत होते.

“दोन उतारल्यात,” मी म्हणाले. “तेविसावी आणि सव्विसावी.”

“तेवाच कित्याक सांगूक नाय?”

“माका वाटला, माझाच चुकता.”

अक्कांनी चावी माझ्या हातात दिली. “मगे तू लाव.”

बारा वर्षांत पहिल्यांदाच मी आर्पापाशी बसले. चावी तेविसाव्या खुंटीवर बसवली. जास्त ओढली तर तुटेल, कमी ओढली तर खोटी. मी तार छेडली, थोडी चढवली, पुन्हा छेडली. अक्कांनी या वेळी हनुवटी लाकडाला टेकवली नाही. त्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तार लागली की नाही हे त्यांना आता तिथूनच कळणार होतं.