दुपारपर्यंत लीलाबाईंची

मी मुठा गावातली शिलाई मशीन बोलतेय, हातानं फिरवायची. अंगावरची सोनेरी नक्षी पुसत आली आहे, पण टाका अजून सरळ पडतो.

माझे भाग कलकत्त्याच्या कारखान्यात जुळले. पुढे पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानात मी काचेमागे बसून होते. तिथून हैबतरावांनी मला उचललं. त्यांनी आईच्या नावानं गावात 'तुळजाबाई निधी' काढला होता. दरसाल आईच्या तिथीला निधीनं एका निराधार बाईला मशीन द्यायची, असा त्यांचा नेम. एस.टी.च्या टपावर पोत्यात गुंडाळून मी गावात आले.

देवळात मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि हैबतरावांनी तळहातावरून माझ्यावर पाणी सोडलं. याला उदक सोडणं म्हणतात. ते सोडलं की देणाऱ्याचा वस्तूवरचा हक्क संपतो. माणसांना यात समाधान वाटतं. माझ्या पोटात मात्र पुढे कितीतरी दिवस गंजाची खरखर होत राहिली.

मी लीलाबाईंच्या घरी गेले. नवरा वारल्यापासून त्या लोकांच्या खाचरात भात लावायला जात. आता दारात बसून चोळ्या, सदरे, पोरांच्या चड्ड्या शिवू लागल्या. पूर्वी त्यांना कुणी "ए लीले" म्हणे. आता "मशीनवाल्या लीलाबाई" म्हणू लागले. नाव बदललं की माणूस ताठ बसतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मग दोन पावसाळे ओढीचे गेले. धान्य महाग झालं. नवं कापड दिसेना, माझ्यापुढे येत ती नुसती ठिगळं. पुण्यातल्या ज्या गिरणीत निधीची ठेव होती, ती गिरणीही बंद पडली आणि ठेव अडकली.

त्या वर्षी मशीन वरच्या वाडीतल्या पारूला मिळायची होती. तसा शब्द आदल्या वर्षीच दिला होता. पारू रानातला हिरडा गोळा करून विकायची, पण व्यापारी फिरकलाच नाही. तिचा नवरा पुण्याला बांधकामावर गेला होता. मशीन मिळाली तर ती वाडीत राहणार, नाही तर मुलीला शाळेतून काढून तीही त्याच्यामागे विटा-दगड वाहायला जाणार.

तिथीच्या दिवशी पूर्वी दिलेल्या सगळ्या मशीन हळदकुंकवासाठी देवळात आणतात. मीही तिथे होते. हैबतराव खाली मान घालून म्हणाले, "औंदा मशीन न्हाई. हाय त्या पैशात शाळेच्या पोरांना सदऱ्याचं कापड घेऊ. शिवायची मजुरी बायांना देऊ. लई ताणलं तरी तेवढंच."

त्यांच्या आत्या धोंडाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नवी कशाला पायजे? हितं चार बसल्यात की. अर्धा दीस झोपाच काढत्यात. लीले, तुजी देती का हिला अर्धा दीस?"

"माजी हाय ती," लीलाबाई फटकन म्हणाल्या. "आज अर्धा दीस म्हनाल, उद्या आख्खी न्ह्याल."

"मला तर मागताच येत न्हाई, आत्या," हैबतराव म्हणाले. "आईच्या नावानं उदक सोडलंय. दिलेलं दान मागं घेतलं तर गाव तोंडात शेन घालंल."

"मग बस तुज्या आईच्या नावानं हातावर हात ठेवून!" धोंडाबाई कडाडल्या.

पारू उठली. तिनं कुणाला काही विनवलं नाही. पाटी धरलेल्या मुलीला घेऊन ती लीलाबाईंजवळ आली.

"आक्का, हिची पाटी तुज्याकडं ठेव. तिकडं इटा-दगडात फुटंल. परत आलो तर न्हेऊ."

मुलीनं पाटी सोडली नाही. तिचे दोन्ही हात पाटीच्या कडेला घट्ट होते. लीलाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला नगं ती पाटी," त्या म्हणाल्या. "घरात जागा न्हाई." मग हैबतरावांकडे वळून म्हणाल्या, "अण्णा, तुमी मागू नगा. मीच देते. दुपारपतुर माजी, दुपारनंतर पारूची. सुई मोडली तर जिनं मोडली तिनं आनायची."

हैबतरावांचा चेहरा उजळला. त्यांचा हात लगेच पाण्याच्या तांब्याकडे गेला.

"तांब्या ठेवा खाली!" लीलाबाई ओरडल्या. "उदक सोडलं तर माजी कुटं ऱ्हाईल?"

धोंडाबाई हसता हसता खोकू लागल्या.

त्या साली चारही मशीनवर अशा दोन-दोन बाया बसल्या. शाळेतल्या पोरांचे सदरे आम्हीच शिवले. पारूची मुलगी शाळेतच राहिली. दोघींचं भांडण मात्र रोज व्हायचं. लीलाबाईंना दोरा घट्ट लागे आणि पारूला सैल. दुपारी माझा स्क्रू एका बाजूला पिळला जाई, सकाळी दुसऱ्या. त्यात माझी झीज झाली, पण गंज धरायला मला वेळच मिळाला नाही.

यंदा दिवस सुधारले आहेत. निधीनं पारूला नवी मशीन दिली. ती डोक्यावर घेऊन पारू वाडीत गेली. जाताना "आक्का, येते" एवढंच म्हणाली, आणि लीलाबाई "सैल दोरा घालून लोकांचं कापड नासू नको" एवढंच.

आता दुपारचं जेवण झालं की लीलाबाई सवयीनं उठतात, माझ्यापुढची जागा मोकळी करतात आणि उंबऱ्यात जाऊन बसतात. कुणी येत नाही. त्या परत शिवायलाही बसत नाहीत.

माझी एवढीच विनंती आहे. कुणाला शिवण शिकायचं असेल, कुणाचं काही उसवलं असेल, तर या. दुपारनंतर मी मोकळी असते.