दुधातली गोळी

निवृत्त हेडमास्तर वामनरावांना अख्ख्या संग्रामपुरात एकच शहाणा माणूस ठाऊक होता, आणि त्याची दाढी ते रोज सकाळी स्वतःच करीत.

बाकीचं गाव त्यांच्या लेखी अडाणी. शेतकरी अडाणी, तलाठी अडाणी, त्यांनी स्वतः शिकवलेली पोरं तर विशेष अडाणी. अमरावतीला ट्रेनिंग करून आल्यापासून ते ‘मला’, ‘तुला’ असं घासूनपुसून बोलत, आणि बायको गोजरबाई ‘मले’ म्हणाली की घासात खडा लागल्यासारखं तोंड करीत. मुलगा भुसावळला रेल्वेत होता. सून कोकिळा आणि सहा वर्षांची नात अन्नपूर्णा मात्र मास्तरांनी इथेच ठेवून घेतल्या होत्या, कारण रेल्वेच्या क्वार्टरात मुलांवर संस्कार होत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मत त्यांचं असलं की विषय संपला.

अन्नूला झटके येत. खेळता खेळता पोर पडायची, डोळे फिरवायची, हातपाय ताठ करायची. बायकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, अंगारे लावले. मास्तर संतापले. “मेंदूचा आजार आहे हा! अंगाऱ्यानं बरा होतो काय?” असं म्हणून ते नातीला घेऊन खामगावच्या डॉक्टरांकडे गेले. हे त्यांनी चांगलं केलं. पण चांगलं करून गप्प बसतील तर ते वामनराव कसले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोळी एकही दिवस चुकवायची नाही. दुसरी, ताप आला, अंगावर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पोरीला घेऊन यायचं. एखाद्याच लेकराच्या यकृताला ती सोसत नाही, पण सोसली नाही तर जिवावर बेतते. पहिली गोष्ट मास्तरांच्या स्वभावाला मानवली, ती त्यांनी तोंडपाठ केली. दुसऱ्या गोष्टीला मान डोलावली खरी, पण तेव्हा ते गावच्या अंधश्रद्धेवरचं आपलं पुढचं वाक्य जुळवत होते.

झटके थांबले आणि मास्तर अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. चावडीवर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल त्याला धरून सांगत, “गोळी! अंगारा नव्हे, गोळी!” लोक हो हो म्हणत आणि वाट बदलत.

महिनाही झाला नसेल, अन्नूला ताप भरला. मग अंगभर लाल पुरळ उठलं, तोंड सुजलं. गल्लीत दोन घरी गोवर होताच. गोजरबाईने हात जोडले. “मातामाय आली घरात.”

गोवराच्या या देवीचं, मातामायचं, पथ्य-पाणी गल्लीत सगळे पंचफुला म्हातारीला विचारत. ती आली, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, पोरीच्या उशाशी पाला ठेवला आणि म्हणाली, “आता घरात फोडनी नाही, तळन नाही, अन् औषिध तं मुळीच नाही. मायवर औषिध चालत नसते. ते गोळी बंद करा.”

“वा!” मास्तर कडाडले. “आणि झटका आला की तुमची मातामाय धावून येणार?”

“मायले असं बोलू नका हो!” गोजरबाईने कानाला हात लावले.

सासऱ्याला कधी उलट न बोलणारी कोकिळा दाराआडून म्हणाली, “मामाजी, माय जाऊ द्या. मंग देऊ गोळी.”

मास्तर गप्प बसले. बायकांना वाटलं, मानलं म्हाताऱ्याने. म्हाताऱ्याने फळीवरची बाटली तेवढी कोटाच्या खिशात घातली होती. संध्याकाळी ते मवाळ आवाजात म्हणाले, “पथ्याला दूध चालतं ना? मग दूध मी पाजत जाईन.” आजोबांचं प्रेम पाहून गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चमच्याच्या पाठीने गोळी चुरायची, वर साखर टाकायची, आणि “पी बेटा” म्हणायचं. मास्तरांचा हात एकदाही थरथरला नाही. आपण फसवत नाही, शिकवतो आहोत, असं एकदा माणसाने ठरवलं की हात थरथरत नाही.

पोर बरी झाली की काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. सगळ्या बायकांना ओसरीवर बसवायचं आणि म्हणायचं, रोज औषध पोटात जात होतं, कुठे कोपली तुमची माय? हे भाषण ते पडल्या पडल्या घोळवत आणि एकटेच हसत.

पोर बरी होईना. गोवर एव्हाना ओसरायला हवा होता, पण पुरळ हटेना. अन्न नको म्हणे, दूध ओकून टाके, दिवसभर ग्लानीत पडून राही. पंचफुलाने तिला पाहून मान हलवली. “माय शांत होऊन नाही राह्यली. घरात कोनीतरी पथ्य मोडून राह्यलं.”

सगळ्यांनी कोकिळेकडे पाहिलं. घरात सून असताना दुसरीकडे पाहायची रीतच नाही.

“विटाळात पान्याले हात लावला का वं?” सासूने विचारलं. कोकिळा आधी शपथेवर नाही म्हणाली. मग तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. तिने अन्न सोडलं. पहाटे ओल्या लुगड्याने मातामायच्या ठाण्याला फेऱ्या घालू लागली, उंबऱ्यावर नाक घासू लागली. पथ्य कोण मोडतं आहे, हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो आरामखुर्चीत बसून हे पाहत होता. “उपाशी राहून रोग बरे होत असते, तर गावात एकही दुखणाईत उरला नसता,” असंही तो म्हणाला. इतका निलाजरा विनोद त्या घरात पूर्वी कुणी केला नव्हता.

मग एका संध्याकाळी दूध पाजताना खिडकीच्या उजेडात मास्तरांना दिसलं, अन्नूचे डोळे पिवळे झाले आहेत. डॉक्टर काहीतरी म्हणाले होते. काय, ते आठवायची त्यांनी खटपट केली नाही. साथ असेल काविळीची, असं ठरवलं आणि चमचा तिच्या ओठाला लावला.

सकाळी पोर हाकेला ओ देईना. शकूरच्या टांग्यातून स्टँडवर, तिथून मोटारीने खामगाव. डॉक्टर तेच. त्यांनी पापणी वर करून पाहिली, उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. पोर कण्हली.

“गोळी कधी बंद केली?”

गोजरबाई त्यांच्या पाया पडली. “चुकलं सायेब. पुरळ उठलं त्याच दिशी बंद केली. मायचं पथ्य व्हतं.”

“चुकलं नाही, आजी. तेच करायचं होतं, मास्तरांना मी सांगितलं होतं. फक्त इकडे लगेच आणायचं होतं.” डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “पण गोळी बंद होऊन इतके दिवस झाले, तरी यकृत बिघडतच चाललं आहे. मग दोष गोळीचा दिसत नाही. गोवर, आणि वरून कावीळ. गोळी पुन्हा सुरू करावी लागेल. या अवस्थेत झटका आला तर पोर हाती लागणार नाही.”

मास्तरांना डॉक्टरांची ती दुसरी गोष्ट आता शब्दन् शब्द आठवली. तरीही ते तोंडात मूग धरून उभे राहिले. डॉक्टरच म्हणतात दोष गोळीचा नाही, मग आपण कोण सांगणारे? आयुष्यात पहिल्यांदाच या गृहस्थाला कुणीतरी आपल्याहून शहाणं वाटलं, आणि तेही अशा वेळी! पोरीच्या जिवापेक्षा आपली पत वाचवणं त्यांना तेवढा वेळ बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

नर्स गोळी आणि पाणी घेऊन आली. तिने अन्नूची मान उचलली. “घे माय, घे,” कोकिळा म्हणाली. पोरीने मिटल्या डोळ्यांनीच तोंड उघडलं.

मास्तरांनी नर्सचा हात धरला. “नका देऊ! बंद नव्हतीच. मीच देत होतो तिले. रोज. दुधातून.”

“काल?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल बी.”

सलाईनसाठी हाका मारत डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर मास्तर गोजरबाईकडे वळले. “मला वाटलं होतं...”

“मले नका सांगू.” ती बाई उभ्या जन्मात नवऱ्यावर ओरडली नव्हती, आताही ओरडली नाही. “तिले सांगा. इतके दिवस उपाशी हाय ते. माह्यामुळं पथ्य मोडलं म्हनून नाक घासून राह्यली. तुमी पाहत व्हते.”

कोकिळा भिंतीला टेकून खाली बसली होती. ओठ फुटले होते, नाकावरची खपली अजून ओली होती. मास्तर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

तिने मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. राग धरायचं सुचण्याइतकं तिचं चित्त ठिकाणावरच नव्हतं. घरात काही अडलं की ज्यांना विचारायची सवय होती, त्यांनाच तिने विचारलं.

“मामाजी, वाचंन न हो अन्नू?”

मास्तरांना माहीत नव्हतं.