आडवी बॅट

थप्. मोज्यांचा बोळा बॅटवर आपटून जमिनीवर पडला आणि सकाळपासून गप्प असलेलं घर जरासं हललं.

"बाबा, जोरात मार ना!" चिहारुने बोळा उचलून पुन्हा टाकला. कात्सुहिकोने बॅट आडवी धरली. पुन्हा थप्. बोळा त्याच्याच पायाशी.

माझा नवरा कागद कारखान्याच्या बेसबॉल संघात दुसऱ्या क्रमांकावर खेळतो. पहिला गडी बेसवर पोचला की याने बंट करायचा, म्हणजे चेंडू मारायचा नाही, बॅटने नुसता थोपवून मैदानात निपचित पाडायचा. तो उचलून याला बाद करेपर्यंत पहिला गडी पुढच्या बेसवर. लग्नाआधीपासून तो हेच करत आलाय.

पण नवे प्रशिक्षक निशिवाकी सर काल स्पष्ट बोलले होते, "उद्या मी टोपीला हात लावला की मारायचं. पुन्हा बंट केलास तर तुला संघात ठेवणं मला जमणार नाही. मग सोमवारपासून पूर्ण वेळ कारखान्यात."

न्याहारी झाल्यावर मी टेबलावर चार बेस म्हणून चार वाट्या मांडल्या आणि एकीत अझुकी कडधान्याचा लाल दाणा ठेवला. मला खरंच समजून घ्यायचं होतं.

"हा पहिल्या बेसवरचा गडी. डावात तीनच बाद मिळतात, त्यातला एक तू आपणहून देतोस. हा तोटाच की रे!"

"सरासरी काढली तर तोटाच आहे. सरांचा हिशेब चुकीचा नाही." त्याने दाणा दुसऱ्या वाटीत सरकवला. "पण एकच धाव हवी असली तर? इथून पुढच्याच्या एका फटक्यात तो घरी, म्हणजे या शेवटच्या वाटीत येतो."

"आणि पुढच्याला फटका जमलाच नाही तर?"

"तर माझा बाद फुकट गेला."

"मग कोणाचं बरोबर?"

तो हसला. "चहा दे."

मैदानात शेजारी तोफूवाल्या तामाए आजी येऊन बसल्या. "काय गं, आज तुझा नवरा मारणार म्हणे! छत्री आणलीय मी. आभाळच कोसळायचं."

"आजी, निदान आज तरी चांगलं बोला."

"चांगलंच बोलतेय. त्याच्या बंटवर जीव आहे माझा."

शेवटचा डाव, बरोबरी. आमचा पहिला गडी बेसवर पोचला, एकही बाद नाही. कात्सुहिको उभा राहिला. सरांनी टोपीला हात लावला. मी पाहिलं, त्यानेही पाहिलं.

चेंडू सुटला आणि त्याची बॅट आडवी झाली.

काय सुंदर पडला तो चेंडू! रेषेच्या आत, गवतावर, दमल्यासारखा. कात्सुहिको बाद झाला, गडी दुसऱ्या बेसवर पोचला. एरवी बंट करून आलेल्याला सगळे ओळीने टाळी देतात. आज हात अर्धवट उचलले गेले आणि सगळे सरांकडे बघत राहिले. शेवटी कात्सुहिकोने हेल्मेट काढलं आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

पुढच्याने चेंडू उजवीकडे फटकावला. गडी धावत घरी आला. आम्ही जिंकलो! तामाए आजी माझ्या गळ्यातच पडल्या.

बसपाशी निशिवाकी सरांनी त्याच्यासमोर मान लववली. "जिंकलो, आभार. पण जिंकलो म्हणून ते बरोबर होतं असं नाही. माझी खूण दिसली होती ना?"

"दिसली होती."

"मग?"

"हात आधीच खाली आले होते, सर."

सरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "सोमवारी कारखान्यात भेटा," ते म्हणाले. आजवर 'भेट' म्हणायचे.

कात्सुहिकोने कंबरेत वाकून नमस्कार केला आणि इतरांच्या बॅटी बसमध्ये चढवू लागला. त्याची पाठ मला ओळखीची आहे, पण आज ती काही सांगत नव्हती.

चिहारुने माझी बाही ओढली.

"आई, बाबाला मारायचं नव्हतं, की मारता येतच नाही?"