दर दोन तासांनी

वॉर्डात सकाळीच फिनेलवर अत्तर शिंपडलं होतं. वृद्धांच्या शुश्रूषेतल्या उच्च शिक्षणाची आज शेवटची परीक्षा, म्हणून हा नट्टापट्टा. एरवी इथे नाक धरून चालावं लागे. परीक्षेला बसलेल्या मोठ्या ताईंना त्या घमघमाटाची शिसारी आली. बारा वर्षं नोकरी करून त्यांनी पुन्हा वह्यापुस्तकं हातात घेतली होती. पास झाल्या तर तज्ज्ञ परिचारिका, नाहीतर दोन वर्षांची जागरणं पाण्यात.

त्यांच्या वाट्याला शिंपीआजोबा आले होते, अर्धांगाचे, उताणे पडलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी पलंगाला अडकवलेला तक्ता पाहिला. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, प्रत्येक नोंदीपुढे सही.

"तक्ता चोख आहे. पुढे चला."

आत्ता दहा वाजले होते आणि दुपारी दोनपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. इथली रीतच तशी होती. पाळी सुरू झाली की सगळ्या सह्या एका दमात ठोकून मोकळं व्हायचं. ताई गप्प बसणार होत्या. पण अत्तराखालून तो दुसरा वास आला, आणि बारा वर्षांचं नाक खोटं बोलेना.

त्यांनी आजोबांना हलकेच कुशीवर वळवलं. चादर कातडीला चिकटली होती. माकडहाडाशी मुठीएवढा खड्डा, कडा काळ्या, आत पिवळा पू.

"झाका ते!" मागून त्यांच्या शिक्षिका दातओठ खात कुजबुजल्या. "परीक्षा आहे, विसरलात का?"

पण परीक्षकबाई खूश झाल्या. "शाब्बास! दुसरं कुणी बघितलंही नसतं. पूर्ण गुण देते."

"बाई, बरं वाटलं हो," आजोबा भिंतीकडे तोंड करून पुटपुटले. "किती दिवसांनी कुणीतरी वळवलं."

आता मात्र ताईंना स्वतःचीच किळस आली. नको नको म्हणत असतानाही नजर तक्त्याकडे गेली. गेल्या आठवड्यातल्या सकाळच्या पाळ्या त्यांच्याच होत्या. सह्या ठोकून त्या औषधांच्या खोलीत पाठांतर करत बसल्या होत्या. धडा हाच, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांचा.

"गुण खोडा, मॅडम," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यातल्या ह्या सह्या माझ्या आहेत. आणि जरा बाजूला व्हा, मला ही जखम धुवायचीय."