सगुणच्या कानाचं यंत्र

बोलणं हे काही माझं काम नव्हे, ऐकणं हे माझं काम. तरी आज बोलतो. मी एक कानाचं यंत्र. काड्यापेटीहून जराशी मोठी राखी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंड. पोटात एक पेन्सिल सेल.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला माहीत नाही. पहिली आठवण आहे ती पणजीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटाची. तिथून शिरगावच्या मंजुळाने मला घरी नेलं. तिचा नवरा सगुण लोखंडाच्या खाणीवर सुरुंग लावायचा. त्या आवाजांनी त्याचे कान गेले होते. पण कळलं तर कामावरून काढतील, या धास्तीने तो कुणाला पत्ता लागू देत नव्हता. कुणी काही बोललं की हसून मान हलवायची, की झालं.

मंजुळाने मला त्याच्या कानात बसवलं आणि नेमका शेजारचा बाबली ओसरीवर आला. तो म्हणाला, "अरे, सगुणान रेडियो लायला मगो!"

झालं. सगुणने बोंड उपटलं, वायर गुंडाळली आणि मला सदऱ्याच्या खिशात टाकलं. दोन वर्षं मी खिशातच राहिलो. रोज सदरा बदलताना तो मला आठवणीने नव्या खिशात ठेवायचा, पण कानाला लावायचा नाही. मंजुळा त्याच्याशी ओरडून बोलायची. जेवण वाढलंय, पाहुणे आलेत, एवढंच. बाकीचं सगळं ओरडून कसं सांगणार? ते तिने सांगायचंच सोडलं.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी, आमचं खनिज विकत घेणाऱ्या जपानी लोकांनी खाणीवरच्या पाच जुन्या कामगारांना पाहुणे म्हणून जपानला बोलावलं. त्यात सगुण होता आणि फोरमन मधुकर होता. निघताना मंजुळा दारातून ओरडली, "यंत्र घेतलंत? सेल नवा घातलाय." सगुणने खिशावर हात ठेवला.

शेवटचा एक दिवस क्योतो शहर बघण्याचा होता. मिचिको नावाची पन्नाशीची बाई गाइड होती. हातात छोटं पिवळं निशाण घेऊन ती पुढे चालायची, इंग्रजीत सांगायची आणि मधुकर ते आपल्या भाषेत करायचा. सकाळी तळ्याकाठचं सोन्याने मढवलेलं देऊळ पाहिलं. मिचिको बोलत होती, सगुण मान हलवत होता.

मग एका जुन्या सरदाराच्या महालात गेलो. बूट बाहेर काढायचे होते. आत जाताना मधुकर म्हणाला, "साडेअकरांक बशीकडे." साडेअकराला बसपाशी जमायचं होतं, पण सांगताना त्याची पाठ सगुणकडे होती. सगुणने मान हलवली.

आत भिंतींवर सोनेरी रंगात वाघ रंगवले होते. सगुण त्यांच्यासमोर किती वेळ उभा राहिला कोण जाणे. वळून पाहतो तर आपलं माणूस एकही नाही! एका पहारेकऱ्याने त्याला काहीतरी विचारलं, सगुणने सवयीने मान हलवली. पहारेकऱ्याने वाट दाखवली, सगुण त्या वाटेने गेला आणि आणखीच एकटा पडला. लांबच लांब लाकडी पडवी, बाजूला परकी माणसं. भाषा नाही, कान नाहीत. त्याची छाती धडधडत होती. खिशात मीच तर होतो, मला ती चांगलीच कळत होती.

त्याने मला बाहेर काढलं, बोंड कानात घातलं, बटण सरकवलं.

आणि पायाखाली पक्षी बोलला.

सगुण दचकला. पाय उचलून पुन्हा टेकवला. पुन्हा चिवचिव. त्या पडवीच्या फळ्याच तशा होत्या, पाऊल पडलं की पाखरासारख्या बोलायच्या. सगुण एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे करत राहिला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायचंही त्याला सुचेना.

एवढ्यात दुसरीकडून चिवचिव ऐकू आली, घाईघाईची, जवळ येणारी. कोणीतरी येतंय हे त्याला पाठमोरं असताना कळलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा!

"सागुन-सान!" मिचिको धापा टाकत आली, मागून मधुकर. तिने त्याच्या कानातली वायर पाहिली आणि काही न विचारता वाकून नमस्कार केला. मग फळ्यांकडे बोट दाखवून, त्या मागून येणाऱ्याची चाहूल देतात, असं सांगू लागली. मधुकरने सांगितलं, "फाटल्यान कोण चोरपावलांनी येत जाल्यार कळचें म्हूण अशी जमीन केल्या."

सगुण म्हणाला, "मधुकर, म्हाका आयकूंक येना रे. बारा वर्सां जालीं."

"खबर आसा," मधुकर म्हणाला. "आमकां सगळ्यांक खबर आसा. शिटी जाली की हांव तुज्या मुखार येवन तांबडो बावटो कित्याक हालयतालों?"

सुरुंगाच्या वेळी मधुकर नेमका आपल्यासमोर येऊन निशाण हलवतो, तो खाणीचा नियमच असेल, असं सगुण इतकी वर्षं समजत होता. सगळ्यांना ठाऊक होतं तर! त्याने मधुकरचा हात धरला आणि दोघे बसपर्यंत तसेच गेले.

पुढे एका देवस्थानात लोक दोर ओढून घंटा वाजवत होते, टाळ्या पिटत होते. देवाला ऐकू जावं म्हणून, मिचिकोने सांगितलं. सगुण म्हणाला, "म्हणजे देवाकय कमी आयकूंक येता!" मधुकरने तिला ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ती निशाण तोंडावर धरून हसली. दुपारी डोंगरावरच्या देवळाखाली पाण्याच्या तीन धारा पडत होत्या. तिथून सगुणला हलवायला तिला चारदा हाक मारावी लागली. चारही हाका त्याने ऐकल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा मंजुळा दारातच ओरडली, "आलात? दमलात?"

"हळू बोल गो. आयकूंक येता."

ती त्याच्या कानाकडे बघत राहिली. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना; नवऱ्याशी हळू बोलायची सवयच मोडली होती. मग अंगणातल्या अबोलीच्या कळ्यांकडे बघत ती म्हणाली, "तुमी गेले आनी अबोलेक कळे आयले."

त्यानंतर अठरा वर्षं मी त्याच्या कानाशी होतो. मंजुळाचं राहून गेलेलं सगळं मी ऐकलं. बाबलीचं हसूही ऐकलं, सगुण त्याला म्हणायचा, "रेडियो बरो चलता रे!"

गेल्या वर्षी सगुण गेला. मला त्याच्यासोबत चितेवर ठेवावं असं कोणीतरी सुचवलं, मंजुळाने दिलं नाही. आता रोज दुपारी ती जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, बसते, मला तोंडाजवळ धरते आणि बोलते. भाताला तांदूळ किती लागले, कोणाकडे बारसं झालं. वायरीच्या टोकाला कान नाही, हे तिला ठाऊक आहे.

सून शुभांगी हे बघते. मंजुळाला वेड लागलंय असं ती म्हणत नाही. माझा सेल उतरला की गुपचूप नवा घालते. मोठी गुणाची पोर.

पण शुभांगी, माझं एक ऐकशील? एकदा सेल आणायला विसर. मला कपाटात ठेव, आणि त्या दुपारी जनेलापाशी तिच्याजवळ तू जाऊन बस.